प्रकाशाची वजावाट

१९९७ च्या चैत्रात वायव्य क्षितिजाकडे झुकलेला हेल-बॉप धूमकेतू फिल्मवर टिपल्यानंतर नोकरीतील बदल्या आणि वडिलांचे दीर्घ आजारपण यांच्या रगाड्यात माझी दुर्बीण जी माळ्यावर गेली, ती निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यातच खाली उतरली.

त्या काळी आकाशाचे छायाचित्रण म्हणजे मुख्यतः देहाची परीक्षा असे. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारा तासाला १५ अंश सरकतो. त्याचा पाठलाग करणारी मोटर पुरेशी भरवशाची नसल्याने आयपीसमधील परस्परांना छेदणाऱ्या दोन तारांच्या नेमक्या छेदबिंदूवर एखादा तारा अर्धा-पाऊण तास राखायचा, आणि तो तिळभर ढळला की हातातील कळ दाबून त्यास पूर्वस्थानी आणायचे, हे सारे डोळा न काढता करावे लागे. एवढे करूनही फिल्मच्या ठायी एक मूलभूत उणीव उरेच: प्रकाश जितका मंद, तितकी तिची ग्रहणशक्तीही क्षीण होत जाई, आणि वेळ दुप्पट दिला तरी प्रतिमा दुप्पट उजळत नसे. ही तूट भरून काढण्यासाठी जाणकार मंडळी कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म हायड्रोजनमिश्रित वायूत तापवून घेत.

आता जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या वाटेवर एका स्नेह्यांच्या शेतात मुक्काम केला. तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो, तेव्हा उत्तरेकडील डोंगराची आड येणारी कड टाळूनच तिवई मांडावी लागते. यंत्राचा अक्ष ध्रुवाकडे लावून कॅमेरा मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखालच्या तेजोमेघाकडे रोखला, आणि दोन-दोन मिनिटांची छायाचित्रे पहाटेपर्यंत घेतली. नवा सेन्सर मंद प्रकाशाशी दुजाभाव करीत नाही. हाती आलेला कण तो जमेस धरतो. भिंगावर झाकण ठेवून घेतलेल्या चित्रांतून त्याच्या स्वतःच्या उष्णतेचा अंश कळतो, तो वजा करावा. मग सर्व चित्रे एकावर एक रचली की खरा प्रकाश चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, यादृच्छिक गोंधळ मात्र तिच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात वाढतो, म्हणून ६४ चित्रांतून आठपट निर्मळ प्रतिमा मिळते. सुमारे १३५० वर्षांपूर्वी, बादामीच्या चालुक्यांचा या भूमीवर अंमल असताना निघालेला तो प्रकाश, त्या मेघाच्या ज्या विरळ पंखांची माझ्या फिल्मने कधी दादही लागू दिली नव्हती त्यांच्यासह, पडद्यावर उमटला, तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

पुढे हाच तेजोमेघ पुण्यातील गच्चीवरून तितकाच वेळ देऊन टिपला. शहराच्या उजेडाने उजळलेले आकाश संगणक हुकमेहुकूम वजा करतो, आणि चित्राची पार्श्वभूमी काळीही दिसते. परंतु त्या उजेडाने आणलेला गोंधळ कोणत्याही वजावाटीने जात नाही, आणि ते विरळ पंख त्यातच बुडून जातात. यंत्राने अंधाराची गरज संपविली असे जे म्हटले जाते ते म्हणूनच मला मान्य नाही. उलट अंधार आहे तेथे त्याचे मोल या यंत्रानेच कित्येक पटींनी वाढविले आहे. २०२४ साली आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पास कृष्णाकाश उद्यानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ही वार्ता मला म्हणून एखाद्या किल्ल्याच्या जतनाइतकी मोलाची वाटते.

स्नेह्यांच्या गावातही आता रस्त्यावर निळसर पांढरे दिवे आले आहेत. दिव्यांना वरून आच्छादन घालावे, म्हणजे उजेड रस्त्यावरच पडेल, आणि पुढील खरेदीत पिवळसर दिव्यांची तजवीज करावी, कारण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, असा रीतसर अर्ज आम्ही ग्रामपंचायतीच्या दफ्तरी दाखल केला आहे. तो येत्या ग्रामसभेत विचारार्थ येईल. त्यावर माझ्या आधी शेतमालकांची सही आहे, कारण तो उजेड प्रथम त्यांच्या अंगणात शिरतो.