पीळ आणि पाटे

कबनूर, जि. कोल्हापूर
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तू तिकडे मिशिगनमध्ये 1968 सालची प्लिमथ रोडरनर घेतलीस आणि तिच्या चाकांवरचा सारा जुना सरंजाम मोडीत काढून बाजारातील तयार संच बसवण्याचा तुझा मनसुबा आहे, हे पत्रावरून कळले. तुझ्या हौसेत दखल देण्याचा अखत्यार मला नाही. तथापि यंत्रमागाचा झिजलेला भाग फेकण्यापूर्वी तो उलटसुलट निरखून पाहण्याची ज्या मुलखाची रीत, तेथे आयुष्य गेल्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

383 घनइंची इंजिनाच्या, 335 अश्वशक्तीच्या तुझ्या त्या मदोन्मत्त वाहनाची आणि आमच्या दारातील 1489 घनसेंटिमीटरच्या सोशीक अ‍ॅम्बॅसडरची अंगकाठी भिन्न असली, तरी दोहोंची बैठक एकाच जातीची आहे: पुढे टॉर्शन बार, मागे लीफ स्प्रिंगचे पाटे. क्रायस्लरने 1957 च्या गाड्यांना ही रचना दिली; मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली अ‍ॅम्बॅसडर उत्तरपाड्याहून निघाली तीही त्याच सुमारास.

टॉर्शन बार या पोलादी दांड्याचे एक टोक चौकटीत जखडलेले आणि दुसरे खालच्या भुजेत गुंतलेले असल्याने चाक खड्ड्यातून वर येताच तो दबत नाही, तर स्वतःच्याच अक्षाभोवती पिळला जातो. आणि पिळाचा ताण गाभ्यात नगण्य व पृष्ठभागावर सर्वाधिक असल्यामुळे, छिन्नीचा एखादा ओरखडा किंवा गंजाने पडलेली खळगी पुढेमागे भेगेचे उगमस्थान ठरते. म्हणून तो काढताना पाइप-पान्ह्याने आवळू नकोस, गॅसची ज्योत तर त्याच्या आसपासही नको; गंज हळुवार उतरव, भिंगाखाली तपास, खळगी खोल दिसली तर तो दांडा निःसंकोच बाद कर, आणि निर्दोष असल्यास रंगाचा अखंड थर दे. कारखान्यात हे दांडे एकाच दिशेने जादा पिळून मुरवलेले असतात, सबब डावा उजवीकडे घालू नये. टोकावरची खूण पाहावी. जाड दांड्याचा मोह पडेल, पण कडकपणा व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढतो: व्यास दशांशाने वाढला की गाडी जवळजवळ दीडपट कडक, आणि मग बसणाऱ्याच्या मणक्याची तक्रार कोणत्या दरबारी न्यावी?

पाट्यांविषयी मात्र मी इतका सनातनी नाही. गळिताच्या हंगामात गंगानगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की आमच्या रस्त्यांची जी दुर्दशा होते, तिने भल्याभल्या गाड्यांचे पाटे बसतात. आणि भट्टीत लाल करून नुसता वाकवलेला पाटा स्वस्तात मिळाला, तरी त्याला विधिपूर्वक पाणी दिलेले नसेल तर तो लवकरच पुन्हा बसतो. उष्णसंस्काराची व्यवस्था असलेला कारागीर तिकडे गवसला तर जुने पाटे त्याच्या हवाली कर, नाहीतर नवे घे. त्यात कमीपणा नाही. रबरी बुश तर सरसकट बदलावेत, कारण रबर मुळातच अल्पायुषी. फक्त त्यांचे बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना अखेरचे आवळू नयेत; चाके जमिनीवर टेकून भार पडल्यावरच आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहून अल्पावधीत फाटते.

इतके करून गाडी प्रदर्शनाच्या दालनात ठेवणार असशील, तर माझा शाई-कागद फुकट गेला असे समज. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक विजयादशमीस दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिच्या चकाकीपेक्षा ती चालते आहे याचेच कौतुक अधिक करतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

जोडणी झाल्यावर उंची लगेच मोजू नकोस. गाडी थोडी फिरवून, बैठक स्थिरावल्यावर सपाट जमिनीवर मोज, टॉर्शन बारच्या बोल्टने दुरुस्त कर, आणि चाकांचे अलाइनमेंट त्यानंतरच करून घे, कारण उंची हलली की चाकांचा कलही हलतो. जुने दांडे काढल्यावर त्यांच्या दोन्ही टोकांची छायाचित्रे मला पाठव. सौ. सूनबाईस आशीर्वाद. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा