सोंग आणि सूर

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी मराठीत एक म्हण आहे. संगीताचेही काहीसे तसेच आहे. नाटकातील राजाला लाकडी तलवार चालते, मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी चालतो. गिटार गळ्यात अडकवून वादकाचे सोंगही कोणाला आणता येईल. परंतु तारेतून सूर काढायचा, तर बोटांना ती विद्या अवगत असावी लागते. मग ज्या वाद्यवृंदाचा जन्मच मुळी सोंग म्हणून झाला, त्यातील माणसांनी काय करावे? अमेरिकेतील चार तरुणांपुढे १९६६ साली हा प्रश्न उभा राहिला.

त्या काळी इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या चौघांच्या वाद्यवृंदाने जगभरच्या तरुणांना वेड लावले होते. असाच एखादा काल्पनिक वाद्यवृंद दूरचित्रवाणीच्या मालिकेत दाखवावा, असे बॉब रॅफेल्सन व बर्ट श्नायडर या दोन निर्मात्यांनी ठरवले. १९६५ मध्ये त्यांनी ‘चार तरुण पाहिजेत’ अशी जाहिरात दिली. चारशेहून अधिक उमेदवार आले. अखेर निवडलेल्या चौघांपैकी डेव्ही जोन्स हा इंग्लंडचा. त्याने रंगभूमीवर नाव मिळवले होते. मिकी डोलेन्झने लहानपणी एका मालिकेत सर्कशीतल्या मुलाची भूमिका केली होती. मायकेल नेस्मिथ व पीटर टॉर्क हे दोघे मात्र आधीपासून गाणारे-वाजवणारे होते. वाद्यवृंदाचे नाव ठेवले ‘द मंकीज’. खिशात पैसा नसलेले, परंतु एक ना एक दिवस कीर्ती मिळेल या आशेवर हसतखेळत जगणारे चार वादक, असे त्यांचे कथानक होते. त्यात ड्रम वाजवण्याचे काम डोलेन्झच्या वाट्याला आले; आणि गंमत अशी, की ड्रम कसा वाजवतात हे त्याला मुळीच ठाऊक नव्हते!

सप्टेंबर १९६६ मध्ये मालिका सुरू झाली. तिच्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजू लागल्या. एक गाणे तर सलग सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. गाण्यांतले आवाज या तरुणांचेच होते. परंतु वाद्ये बहुतांशी दुसऱ्याच निष्णात वादकांनी वाजवलेली होती. पडद्यावर डोलेन्झ ड्रमवर काठ्या आपटीत असे, आणि ऐकू येणारा ठेका कोणा वेगळ्याच माणसाच्या हातचा असे.

हे लोकांना कळले, तेव्हा टीकेची झोड उठली. खरे पाहता, यात चौघांचा दोष तो कोणता? नटाने राजाची भूमिका केली म्हणून त्याला कोणी तोतया म्हणत नाही. तथापि ‘खोटा वाद्यवृंद’ हे शब्द त्यांच्या जिव्हारी लागले. नेस्मिथने १९६७ च्या आरंभी एका नियतकालिकाच्या प्रतिनिधीला खरे काय ते स्वतःच सांगून टाकले.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहून पैसा व कीर्ती घेत राहणे ही एक, आणि भूमिकेत जे दाखवले ते प्रत्यक्षात शिकून घेणे ही दुसरी. पहिली वाट सोपी होती. त्यांनी दुसरी धरली. डोलेन्झ ड्रम शिकला. डिसेंबर १९६६ मध्ये हवाई बेटांवरील होनोलुलू येथे चौघांनी हजारो श्रोत्यांसमोर स्वतः वाद्ये वाजवली होतीच. पुढे त्यांनी आग्रह धरला, की ध्वनिमुद्रिकेतही आम्हीच वाजवू. मे १९६७ मध्ये निघालेल्या ‘हेडक्वार्टर्स’ या संग्रहात बहुतेक वाद्ये त्यांनीच वाजवली. वादन निर्दोष नव्हते. एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवावा लागला. तरीही तो संग्रह विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्याच आठवड्यात ‘बीटल्स’ने त्याला मागे टाकले, ही गोष्ट वेगळी.

या वादात मंकीजचे संगीत सांभाळणारा डॉन कर्शनर दूर झाला. लवकरच त्याने दुसऱ्या एका वाद्यवृंदाची गाणी हाती घेतली. या वेळी वादक माणसे नव्हतीच. ती होती ‘आर्ची’ या चित्रकथेतील रेखाटलेली पात्रे. चित्रे वाद घालीत नाहीत, की हक्क मागत नाहीत. त्यांचे ‘शुगर, शुगर’ हे गाणे १९६९ साली चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. परंतु चित्राला गळा कोठून असणार? रॉन डँटे नावाचा तरुण गायक त्यांच्यामागे उभा राहून गात होता. देशभर लोक त्याचा आवाज गुणगुणत होते, आणि त्याचे नाव मात्र फारच थोड्यांना माहीत होते.

असा प्रसंग भारतातही घडला आहे. १९४९ मधील ‘महल’ या चित्रपटातील एका गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापले होते. कामिनी ही चित्रपटातील केवळ एक पात्र. आवाज होता लता मंगेशकर यांचा. गाणे ऐकून वेडावलेले श्रोते विचारू लागले, की ही गाणारी कोण? तेव्हा पात्राच्या आडून खरी गायिका लोकांसमोर आली. सोंग कितीही सुंदर असो, त्याच्यामागे कोणाचे तरी खरे कष्ट असतात. त्या माणसाचे नाव विचारणे हे रसिकाचे कर्तव्यच होय.

मंकीजची मालिका १९६८ सालीच संपली. पण वाद्यवृंद संपला नाही. मधून मधून एकत्र येऊन ते पुढे अनेक दशके रंगमंचावर गात-वाजवीत राहिले. डेव्ही जोन्स २०१२ मध्ये, पीटर टॉर्क २०१९ मध्ये आणि मायकेल नेस्मिथ २०२१ मध्ये निवर्तले, तेव्हा लोकांनी शोक केला तो मालिकेतील पात्रांसाठी नव्हे, तर आपल्या आवडत्या गायक-वादकांसाठी. ज्या मुलाला ड्रमवर केवळ बसवले होते, त्याने ड्रम वाजवायला शिकून घेतले. आणि दुसऱ्यांनी रचलेले ते सोंग त्या चौघांचे स्वतःचे झाले.