व्रतातील आगार

जैन घरात तपाचे कौतुक होते. सुनेने अठ्ठाई केली की तिच्या पारण्याची वार्ता साऱ्या पेठेला कळते. तीच सून एखादे दुखणे अंगावर काढीत असेल, तर ते शेजारच्या खोलीलाही कळत नाही. सोसणे हेदेखील तपच, अशी समजूत आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. या समजुतीची कसोटी पाहणारा एक प्रसंग बार्शीच्या भुसार पेठेतील एका अडत्याच्या घरी घडला.

त्या घरातील बा एकसष्ट वर्षांच्या. दुकानाचा रोजमेळ तीस वर्षे त्यांच्या नजरेखालून गेला होता. पाळी थांबून दहा वर्षे झाली होती, आणि फागण चौमासीच्या सुमारास त्यांना पुन्हा लाल डाग दिसू लागले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. केवळ देरासरात जाणे बंद केले, कारण अंतराय पाळण्याचा नियम त्यांच्या हाडीमाशी मुरलेला होता. विचारणाऱ्यांना गुडघेदुखीचे कारण मिळाले. महावीर जयंतीच्या वरघोड्यालाही बा घरीच राहिल्या, तेव्हा मोठ्या सुनेने दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, ‘‘बा, गुडघे दुखतात तर तुम्ही दिवसातून दहा वेळा जिना कशा चढता?’’ तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली.

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर दिसलेला एक डागदेखील तपासून घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघते. परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही आपली पहिली वर्दी अशीच देतो. वर्दी लवकर देतो, हा त्यातला दिलासा. ऐकणाऱ्याने मात्र ती ऐकली पाहिजे. बांना मधुमेह होता, वजनही वाढलेले होते, आणि या दोन्ही गोष्टी या आजाराचा धोका वाढवतात. सोनोग्राफीत अस्तराची जाडी 14 मिलिमीटर आली. पाळी गेलेल्या स्त्रीत ती 4 मिलिमीटरपेक्षा अधिक असून रक्तस्राव होत असेल, तर तुकडा काढून तपासतात. तसा तो तपासला आणि निदान झाले.

त्या रात्री पेढीवर पुरुष मंडळी बसली. नातीचा संबंध सोलापूरच्या एका घराशी चालू होता. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगावे, असे ठरले. पिशवी काढलेल्या बायका प्रत्येक गल्लीत असतात, त्यामुळे पुढे कोणी विचारीत नाही. बा त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत.

शस्त्रक्रियेपूर्वी महिनाभराची मुदत मिळाली, कारण हिमोग्लोबिन 8.9 होते आणि ते आधी वाढवायचे होते. फागण चौमासीनंतर पालेभाजी, खजूर, खारीक घरात वर्ज्य. म्हणून बाजरीची भाकरी, मूग, मटकी, राजगिरा आणि गूळ यांवर भर दिला. जेवणाबरोबर लिंबू आले आणि जेवणानंतरचा चहा बंद झाला, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. एवढ्याने भागेना, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून लोह दिले. बांच्या मनात आयंबिलाची ओळी करून मगच टेबलावर जावे असे होते. ‘‘जखम भरायला प्रथिने लागतात. शरीर या वेळी उपाशी ठेवू नका,’’ असे डॉक्टरांनी समजावले.

सुनेने प्रश्नांची यादी करून नेली होती. टाके कशाचे? पूर्वी प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट धागा सर्रास वापरीत. आता बहुधा कृत्रिम धागे असतात आणि येथेही तेच वापरणार होते. पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे इंजेक्शन कशाचे? हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. फोंडापरिनक्स नावाचे औषध पूर्णतः कृत्रिम असते. मूत्रपिंडाची तपासणी पाहून डॉक्टरांनी ते देण्याचे मान्य केले. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळ्या लिहून दिल्या. हे सारे आधी विचारल्यामुळे शक्य झाले. ऐनवेळी विचारायला सवड नसते आणि पर्यायही हाताशी नसतो.

चोविहाराचा प्रश्न उरला. बांनी चाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. डॉक्टरांनी बहुतेक औषधे दिवसाउजेडी बसवून दिली. एक गोळी मात्र रात्रीचीच राहिली. बा उपाश्रयाच्या दारापर्यंत गेल्या आणि बाहेर उभ्या राहूनच त्यांनी साध्वीजींना विचारले. पच्चक्खाणात आगार असतात, याची साध्वीजींनी आठवण करून दिली. व्रत देतानाच त्यात सवलतीची जागा ठेवलेली असते, आणि आजारात समाधी टिकावी म्हणून घेतलेले औषध त्या जागेत बसते. तीर्थंकरांच्या शासनाने माणसाच्या शरीराची दुर्बलता आधीच हिशोबात धरली आहे, हे ऐकून बांचा चेहरा निवळला.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. गर्भाशय, त्याचे मुख, दोन्ही बीजांडे, बीजनलिका आणि तपासणीसाठी काही लसिकाग्रंथी काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच बांना उभे करून चालवले. चौथ्या दिवशी घरी पाठवले. सहा आठवडे भरलेली कळशी नाही, नातवाला कडेवर घेणे नाही. खमासमणे बंद; सामायिकाची 48 मिनिटे कटासण्याऐवजी खुर्चीवर. कुंथावे लागू नये म्हणून सायंकाळी सूर्यास्तापूर्वी इसबगोल आणि दिवसभर उकळलेले पाणी. थोडे तपकिरी पाणी जाणे चालेल. परंतु ताजे रक्त, ताप किंवा पोटरीला सूज दिसली तर तत्काळ फोन करायचा, हे सुनेने कपाटाच्या दारावर लिहून चिकटवले.

अंगावरच्या जखमा भरत आल्या आणि चौथ्या आठवड्यात बा एका दुपारी अकारण रडू लागल्या. ‘‘आता त्या पिशवीचा उपयोग तरी काय होता?’’ असे भेटीला आलेल्या प्रत्येकीने म्हटले होते. तिन्ही लेकरे तिथेच वाढली होती, एवढेच बा म्हणाल्या. सुनेने समजूत घातली नाही. ती जवळ बसून राहिली.

तपासणीचा अहवाल आला. रोग गर्भाशयापुरता, स्नायूच्या निम्म्या जाडीच्या आत, ग्रंथी स्वच्छ. किरणोपचाराची गरज नव्हती; पहिली दोन-तीन वर्षे ठरावीक अंतराने तपासणी करायची. डॉक्टरांनी माहेरी कोणाला मोठ्या आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग होता का, हेही विचारले. लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष काही कुटुंबांत असतो. गाठीची त्यासाठीची चाचणी निर्दोष आली. पण हा प्रश्न बांच्या मनात राहिला. रोगाचे नावच लपवले असते, तर उद्या लेकी-नातींनी आपल्या डॉक्टरांना काय सांगितले असते?

त्यांनी मुलाला बोलावले. ‘‘तीस वर्षे रोजमेळात एक पैसा लपवला नाही. हा आकडा लपवून कोणता ताळेबंद जुळवायचा? सोलापूरला मी स्वतः फोन करते.’’ आणि त्यांनी केला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते आठवडे घरात कोणी मोकळेपणाने जेवले नाही. अखेर मुलाची आई स्वतः आली, बांच्या पलंगापाशी बसली आणि तिने आपल्या सासूबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट सांगितली. ती त्यांच्याही घरात बारा वर्षे दाबून ठेवलेली होती. साखरपुडा चातुर्मासानंतरचा ठरला.

पर्युषणात बा पुन्हा देरासरात गेल्या. संवत्सरीनंतर मिच्छामि दुक्कडम् म्हणायला बायका घरी आल्या, तेव्हा त्यांनी प्रत्येकीला आपला आजार नाव घेऊन सांगितला. सगळ्या गेल्यावर शेजारची एक बाई मागे रेंगाळली. तिची पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. ‘‘महिन्यातून एखादाच डाग पडतो, तोही दाखवायचा का?’’ तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशी होताच सून तिला सोनोग्राफीला घेऊन गेली.