शनिवारचा डबा

आमच्या कंपनीनं गेल्या वर्षी सगळ्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकायला लावलं. रोज सकाळी साडेनऊला ते विचारतं, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी रोज चौथा दाबतो. पाचवा दाबला तर मलाच खोटं वाटतं आणि तिसरा दाबला तर कुणीतरी मीटिंग लावेल अशी भीती वाटते. चौथा चेहरा सगळ्यात सुरक्षित. त्यानंतर कुणी काही विचारत नाही.

हे असं विचारणं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका पत्र्याच्या डब्यात.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचा. नकाशावर महाराष्ट्राचं ईशान्येकडचं टोक शोधलंत तर आमच्या आसपासच बोट पडेल. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसरीकडे छत्तीसगड. मुंबई-हावडा लोहमार्ग आमच्याकडून जातो, पण बहुतेक गाड्या न थांबता जातात. जिल्हा तसा तरुण आहे, 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे माझ्याहून दीडेक वर्षानं लहान. आमच्याकडे शाळेचं खरं वेळापत्रक निसर्ग ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी लागली की अर्धा वर्ग बांधीत असतो. उन्हाळा लागला की मोहफुलं, मग तेंदूपत्ता. परीक्षा संपली की मुलं सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला बसतात.

अशा शाळेत सर चोविसाव्या वर्षी नोकरीला लागले आणि तिथेच राहिले. शिकवायचे गणित. पण शाळेत समुपदेशक नावाचं पद नव्हतं, म्हणून तेही काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. एनसीईआरटीचा मार्गदर्शन-समुपदेशनाचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला होता. त्यासाठी तीन महिने भोपाळला जाऊन राहिले होते. परत आल्यावर पगार तोच, तासिका तेवढ्याच. बोर्डाच्या परीक्षेच्या काळात पेपरात समुपदेशकांचे फोन नंबर छापून येतात. त्या यादीत काही वर्षं सरांचाही नंबर असायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा फोन रात्री अकरालाही वाजायचा.

पण त्यांचं मुख्य साधन फोन नव्हे, डबा. डालड्याचा जुना डबा, झाकणाला चीर पाडलेली, वर्गाबाहेरच्या खिडकीत तारेनं बांधलेला. आठवडाभरात कुणीही चिठ्ठी टाकायची. नाव लिहायची सक्ती नाही, पण सर सगळ्यांची अक्षरं ओळखायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते डबा सोडवून घरी न्यायचे. सगळ्यांना सांगण्यासारखं उत्तर असेल तर सोमवारी परिपाठात सांगायचे, चिठ्ठी कुणाची ते न सांगता. खासगी असेल तर उत्तर गणिताच्या वहीत घडी घालून यायचं. जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, शिसपेन्सिलीनं.

ही कल्पना कुठून आली, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "अमळनेरहून." तेव्हा मला कळलं नव्हतं. पुढं कॉलेजात असताना साने गुरुजींविषयी वाचलं तेव्हा कळलं.

साने गुरुजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'श्यामची आई' येते आणि डोळ्यांत पाणी असलेला एक वयस्क माणूस येतो. मी तारखा मांडून पाहिल्या. जन्म 24 डिसेंबर 1899, पालगड. अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले जून 1924 मध्ये. म्हणजे वय चोवीस. शाळा सोडून सविनय कायदेभंगात उडी घेतली 1930 मध्ये, वय तीस. पुस्तक तर त्यानंतरचं, 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. म्हणजे ज्या शिक्षकाला महाराष्ट्र शंभर वर्षं आठवतोय तो जेमतेम सहा वर्षं शाळेत होता आणि ती सहा वर्षं म्हणजे नेमकं माझं आत्ताचं वय. माझ्या टीममध्ये असता तर त्याला आम्ही 'ज्युनिअर' म्हटलं असतं.

त्या वयात ते शाळेचं वसतिगृह सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. आणि मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचं हस्तलिखित रोज काढायचे. रोज, हातानं. 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. समुपदेशन हा शब्दही तेव्हा शाळांपर्यंत पोचला नव्हता. वसतिगृहातल्या मुलाशी थेट बोलताना तो गप्प बसतो, पण लिहिलेलं एकट्यानं वाचतो, एवढं त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला उमगलं असावं. आमच्या सरांनी त्याच गोष्टीला डबा जोडला. तिकडे गुरुजी लिहायचे आणि मुलं वाचायची. इकडे मुलं लिहायची आणि सर वाचायचे.

मी एकदाच चिठ्ठी टाकली. नववीत होतो. 'मला शाळा सोडायची आहे,' एवढंच वाक्य. उत्तर आलं नाही. बुधवारी संध्याकाळी सर सायकलवरून घरी आले. शाळेचं नाव काढलं नाही. बाबांशी धानावरच्या रोगाबद्दल बोलले, आईच्या हातचा चहा प्याले आणि गेले. पुढच्या आठवड्यात परत तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला म्हणाले, "चाल रे बाबू, रस्त्यापर्यंत सोडून दे."

रस्त्यापर्यंत जाताना मी सांगितलं. आमच्या घरी पोवारी बोलतात. मी वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलो की मराठी वाक्यात पोवारी शब्द यायचा आणि तालुक्याच्या ठिकाणची मुलं हसायची. मी तोंड उघडणं बंद केलं होतं. मग मी 'ढ' ठरलो आणि मग मलाही ते पटलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. सायकलवर टांग टाकताना फक्त "जेवून घे" म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि मला उठवलं. "हे पोवारीतून समजावून सांग. आज मराठी बंद." वर्गात हसू फुटलं. मग मी सांगायला लागलो आणि मागच्या बाकावरची पाच-सहा पोरं, जी वर्षभर फळ्याकडे न बघता बसायची, ती वर बघायला लागली. त्यांचीही घरची भाषा तीच होती. 2013 मध्ये मी दहावी झालो, मग नागपूरला इंजिनिअरिंग, मग पुणे. मी आज ज्या खुर्चीत बसतो तिचा एक पाय त्या शुक्रवारी बसवलेला आहे.

ही गोष्ट मी इंटरव्ह्यूतही सांगितली आहे, ती लोकांना आवडते. पण ती अर्धी आहे.

माझ्या बाकावर बसणारा मित्र त्याच वर्षी शाळेतून गेला. रोवणीला गेला आणि परतलाच नाही. ठेकेदाराबरोबर कामाला बाहेर पडला. त्यानं डब्यात कधी चिठ्ठी टाकली नव्हती. सर त्याच्या घरी सात वेळा गेले. सातव्या वेळी मी बरोबर होतो. त्याची माय दारातच म्हणाली, "गुरुजी, तुमी येता, बरं वाटते. पन पैसे कोन देईल?" सर काही बोलले नाहीत. परतताना सायकल हातात धरून सगळी वाट चालत आले.

गेल्या जुलैअखेर सर अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. त्याच महिन्यात, 2025 च्या जुलैमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांमध्ये किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. सर असते तर शाळेच्या कागदावर त्यांचं नाव शेवटी एकदाचं त्या रकान्यात गेलं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. चार वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली, मुलगी रायपूरला असते. घरात ते एकटेच. सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "जेवला का? झोप लागते का?" आणि मी सुरू झालो. रात्रीचे कॉल, मॅनेजर, घरभाडं, लग्नाचा विषय, चौथा चेहरा. दोन तास. ते ऐकत होते, मधूनमधून एखादाच प्रश्न विचारत होते. मी हलका होऊन उठलो. निघताना कपाटावर डबा दिसला. शेजारी एक लांबट वही. मी सहज उघडली. वर्षाप्रमाणे नावं होती, फक्त शाळा सोडून गेलेल्या मुलांची. पुढे तारखा, किती वेळा घरी गेलो त्याच्या. माझ्या मित्राच्या नावापुढे सात तारखा होत्या. आमच्यासारख्या पास होऊन गेलेल्यांची वही कुठेच नव्हती.

महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये, गोंदियाहून पुण्याच्या त्या लांबलचक प्रवासात, माझ्या लक्षात आलं की दोन तासांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, तुम्ही कसे आहात. दोन तासच कशाला, इतक्या वर्षांत एकदाही नाही.

साने गुरुजींविषयी वाचताना मी ज्या पानावर नेहमी घाई करतो ते पान मग आठवलं. 11 जून 1950. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी स्वतः आपलं आयुष्य संपवलं. त्यामागची कारणं एका वाक्यात सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही आणि मीही सांगणार नाही. पण जो माणूस आजारी मुलांच्या उशाशी बसला, त्याच्या आयुष्यावरचे धडे आपण पाठ करतो ते सगळे त्यानं इतरांना काय दिलं याचे. आपण त्याला आई म्हटलं, गुरुजी म्हटलं. त्या शब्दांत एक सोय आहे. आईला आणि गुरुजींना कसं वाटतंय, हे विचारायची पद्धत नसते.

पुण्याला पोचल्यावर मी फोन केला. "सर, तुम्ही कसे आहात?"

"मी बरा आहे ना. मजेत."

चौथा चेहरा. मी ओळखला, कारण रोज तोच दाबतो. मग त्यांनीच शिकवलेलं केलं. तो विषय सोडला, धानाची कापणी कशी झाली ते विचारलं. पुढच्या रविवारी परत फोन केला. तिसऱ्या रविवारी ते बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "पहाटे तीनला जाग येते रे बाबू. मग ती वहीतली नावं वाचत बसतो."

मला काय बोलावं सुचलं नाही. मी फक्त फोन धरून बसलो. थोड्या वेळानं त्यांनी एका मुलीबद्दल सांगायला सुरुवात केली, 2004 ची, आठवीत असताना लग्न झालेली. मग दुसऱ्याबद्दल. त्या दिवशी दोनच नावं झाली.

वही मोठी आहे. रविवारी सकाळी दहाला मी फोन लावतो. परवा त्यांनी माझ्या मित्राचं नाव घेतलं तेव्हा पहिल्यांदाच मला सांगण्यासारखं काही होतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही सातव्यांदा गेला होतात तेव्हा मी बरोबर होतो."

"हो," ते म्हणाले, "मला आठवते. तू काहीच बोलला नव्हता."