आकड्याआधीचं वाक्य

एम.एस्सी.ला असताना डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे सोडवायचं आणि उत्तराखाली रेघ मारायची, एवढंच मला कळत होतं. मग सरांनी साथींच्या गणितावरचा एक जुना निबंध वाचायला दिला. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा, १९२७ सालचा. त्यात अवचित मुंबई भेटली. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात शहरात प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याचा तो आलेख होता. शिखराला आठवड्याचा आकडा नऊशेच्या आसपास.

अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. विल्यम केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली एडिंबरोच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. समीकरणांशी माझं नातं या दोघांमुळे बदललं. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले वा दगावलेले, अशी माणसांची विभागणी करून त्यांनी दाखवलं, की साथ ओसरायला सगळ्यांनाच रोग व्हावा लागत नाही. लागण होण्याजोगी माणसं एका मर्यादेखाली आली, की एका रोग्याकडून सरासरी एकालाही रोग जात नाही. पुढे मी याच विषयात काम करायचं ठरवलं.

२०२० साली, कोविडच्या साथीत, जिल्ह्यासाठी रुग्णालयातल्या खाटांचा अंदाज बांधणाऱ्या गटात मी होते. बैठकीत सगळ्यांना एकच तारीख हवी असायची: पीक कधी? तेव्हा तोच निबंध आठवला. प्लेग उंदरांमार्फत पसरतो. आपली गृहीतकं इथे काटेकोर लागू पडत नाहीत, म्हणून हा हिशोब ढोबळ आहे, हे त्या दोघांनी स्वतःच नोंदवलं होतं. आम्हीही आकड्याआधी गृहीतक लिहू लागलो: गाठीभेटी आजच्याइतक्याच राहिल्या तर. हळूहळू बैठकीतला प्रश्न बदलला: ‘आणि त्या निम्म्या झाल्या तर?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे होतं, आणि त्यावर काही ठरवताही येत होतं. लोक घरी थांबले आणि आधीचा आकडा खोटा ठरला, याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

हे शहाणपण माझं नव्हे. ते त्या दोघांचं, आणि त्यांच्याइतकंच, प्लेगच्या त्या दिवसांत मुंबईत आठवड्यामागून आठवडा मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्यांचं. त्यांनी मोजलं नसतं, तर ते समीकरण तपासायला हाताशी काही नसतं.