पुढच्या वेळी

"बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर नेता येणार नाहीत," असे बॅलार्ड पिअरवरील तपासणीच्या ठिकाणी आम्हांला मोठ्या सौजन्याने सांगण्यात आले. आमच्या पिशवीत त्या वेळी सुकेळ्यांची दोन पुडकी होती. केळीच्या वाळल्या पानांत बांधलेली, आगाशीची. ती टाकून देणे कोणाच्याच जिवावर येईना. अखेर बाजूला उभे राहून आम्ही चार भावंडांनी एक पुडके तिथेच संपविले आणि दुसरे सामान वाहणाऱ्या हमालाच्या हाती दिले. साठीच्या आसपास आलेली चार माणसे भर दुपारी घाईघाईने सुकेळी खात आहेत, हे दृश्य पाहून रांगेतील एक तरुण जोडपे हसले. आम्हांलाही हसू आले. पण थोरल्या बहिणीचे डोळे भरून आले होते.

अशीच दोन पुडकी घेऊन आमचे वडील १९७४ च्या डिसेंबरात भाऊच्या धक्क्यावरून गोव्याच्या बोटीत चढले होते. संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र शवाचे दर्शन त्या वर्षी होते. आईला सोबत नेण्याचा त्यांचा विचार होता, पण धाकट्याच्या वेळचे तिचे दिवस भरत आले होते. आजीचा तर बोटीलाच विरोध. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्याचा धसका तिने आयुष्यभर बाळगला. तिने वडिलांच्या खिशात आशीर्वादित पदक घातले आणि ते परत येईपर्यंत रोज संध्याकाळी दोनदा जपमाळ म्हटली. "पुढच्या दर्शनाला तुला नेतो," असे वडील आईला सांगून गेले.

गोव्याचे ते दर्शन साधारण दहा वर्षांनी एकदा होते. १९८४ साली पानवेली रोगाने बसल्या आणि घरात पैसा नव्हता. १९९४ साली थोरलीचे लग्न निघाले. २००२ साली आई देवाघरी गेली. २००४ च्या दर्शनाचा विषय वडिलांनी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. मग २०१४ उजाडले. वडील सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी एकदा जेवताना विचारले, एकदा मिस्साहून परतताना विचारले. आम्ही गर्दीचे कारण सांगितले, गुडघ्यांचे सांगितले, साखरेचे सांगितले. तासन् तास रांगेत कसे उभे राहणार, असे म्हटले आणि शेवटी, "पुढच्या वेळी सगळी नीट व्यवस्था करून जाऊ," असेही म्हटले. ते वाक्य आमच्यापैकी नेमके कोणी उच्चारले, याविषयी आता आमच्यात एकमत नाही. म्हणून आम्ही म्हणालो, असेच लिहावे लागते.

"पुढच्या वेळी मी सत्त्याऐंशीचा असेन," वडील म्हणाले आणि बावखलाकडे पंप बंद करायला निघून गेले. २०१९ च्या पावसाळ्यात ते गेले.

२०२४ च्या दर्शनाला जायचे, आणि जायचे ते समुद्रानेच, हे ठरायला म्हणून फार बोलावे लागले नाही. वडील गेले ती कोकणची बोट केव्हाच बंद झालेली. आता मुंबईहून गोव्याला समुद्रमार्गे जायचे, तर सहलीचे मोठे जहाज. त्यावर पोहण्याचा तलाव, नाचगाणे, जुगाराचे दालन आणि दिवसभर मांडलेले जेवण. तीर्थयात्रेला हे वाहन शोभते का, असा प्रश्न धाकट्याच्या पत्नीने विचारला होता. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना जमवून जीवनरक्षक जाकिटे कशी घालावीत ते दाखविण्यात आले. संध्याकाळी जहाज हलले, पण ते हलले हे कळायलाच वेळ लागला. कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग्ज दीपगृह मागे पडले, पुढे खांदेरीचा दिवा दिसू लागला. तासाभराने सर्वांचे फोन मुके झाले. आम्ही वरच्या डेकवर आरामखुर्च्यांत पडलो होतो. कोणाला पाणी द्यायचे नव्हते, कोणाला औषध द्यायचे नव्हते, कोणाचा निरोप येणार नव्हता. तलावाकडून ढोलाचा आवाज येत होता आणि त्याचाही त्रास होत नव्हता.

तेव्हा धाकटा एकाएकी म्हणाला, "बाबा सायबाविषयी किती कमी बोलायचे!"

खरेच होते. गोव्याची हकीकत वडिलांनी आम्हांला शेकडो वेळा सांगितली असेल. तीत दर्शनाची वाक्ये दोन: रांग मोठी होती, आणि पाय पाहून रडू आले. बाकी सगळी बोट. डेकवर पथारी कशी टाकली, शेजारच्या मालवणच्या बाईने सुकेळ्यांच्या बदल्यात घावन कसे दिले, मधल्या बंदरांवर अंधारात पडाव येऊन माणसे कशी उतरवून नेत, आणि रात्रभर पाठीवर पडून आकाश कसे पाहिले. "काही करायचंच नव्हतं रे," असे ते म्हणत, आणि प्रत्येक वेळी त्यांना त्याचे नवल वाटे.

आमच्या आठवणीत वडील कधी स्वस्थ बसले नाहीत. पहाटे वेलींना पाणी, मग पाने खुडणे, ती मोजून बांधणे, दुपारी केळींची खोदाई. रविवारी मिस्साहून आले की कोट काढून पुन्हा वाडीत. ती बोट ही त्यांच्या आयुष्यातील एकुलती एक सुट्टी होती. २०१४ साली ते आमच्याकडे यात्रा मागत होते, असे आम्ही समजलो आणि यात्रेला जी कारणे लागू पडतात ती सांगितली. कदाचित ते आणखी एक रात्र मागत होते. पाठीवर पडायला गुडघे लागत नाहीत.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग जपमाळ काढून आम्ही दुःखाची रहस्ये हळू आवाजात म्हटली.

दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदरात उतरून मोटारीने जुन्या गोव्याला गेलो. बॉम जेझस बॅसिलिकेतून पेटी से कॅथेड्रलमध्ये आणून ठेवलेली होती. लिस्बनहून ७ एप्रिल १५४१ रोजी निघालेल्या या संताला गोवा गाठायला ६ मे १५४२ उजाडला. मधला हिवाळा मोझांबिकला गेला. चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी ते वारले आणि मलाक्कामार्गे १५५४ साली त्यांचा देह गोव्यात आला, तोही गलबतानेच. आम्ही एका रात्रीत आलो होतो, तेही पोटभर जेवून. रांग मोठी होती, पण सरकत होती. पेटीपाशी काही क्षणच मिळाले. थोरलीने वडिलांची जपमाळ मुठीत धरली होती. रांगेत आमच्या पुढे चाकांच्या खुर्चीत एक अतिवृद्ध गृहस्थ होते, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा. कोणीतरी त्यांना वाट करून दिली आणि ते आमच्याआधी पोचले. म्हणजे गर्दीतूनही नेता येत होते.

परतीच्या रात्री थोरलीने आरामखुर्ची नाकारली. तिने शाल डेकवर पसरली आणि ती पाठीवर आडवी झाली. एक सेवक अदबीने खुर्ची घेऊन आला, तिने नको म्हटले. मग आम्ही उरलेले तिघेही खाली बसलो, आणि थोड्या वेळाने आडवे झालो. जहाजाच्या दिव्यांमुळे तारे फार दिसत नव्हते. बोटांवर मोजत थोरली म्हणाली, "पुढच्या दर्शनाला मी बहात्तर."

कोणी काहीच म्हटले नाही. धाकट्याने तिच्या डोक्याखाली आपली पिशवी सरकवली.