येऊ द्या, येऊ द्या!

कुणी गाडी मागे घेत असलेला दिसला, की मराठी माणसाला स्वस्थ बसवत नाही. पेपर वाचत असला तर पेपर काखेत मारून, तंबाखू मळत असला तर ती तशीच तळहातावर ठेवून तो रस्त्यात उतरतो आणि जन्मात न पाहिलेल्या ड्रायव्हरला हुकूम सोडतो, ‘येऊ द्या, येऊ द्या... येऊ द्या...’ मग ‘खळ्ळ’ असा आवाज येतो. त्यानंतर हा म्हणतो, ‘बास!’

माझा भाचा हेच काम मुंबईच्या विमानतळावर करतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो. ‘आमचा मुलगा विमानात आहे,’ असं आमची ताई लग्नाकार्यात सांगते. वास्तविक तो विमानाखाली आहे. विमानाला रिव्हर्स गिअर नसतो हे मला त्याच्याकडूनच कळलं. इंजिनाचा झोत उलटा फिरवून विमान मागे नेता येतं म्हणे, पण मग धूळ, खडे सगळं उडणार, समोर काचांची इमारत. म्हणून आपला ट्रॅक्टर लावून ढकलायचं. याला म्हणतात पुशबॅक. ढकलणाऱ्याला कॅप्टन दिसत नाही आणि कॅप्टनला मागचं काही दिसत नाही. आमच्या हेड ऑफिसचा कारभार याच तत्त्वावर चालतो, पण तिथे पंखे फिरतात ते छताला.

‘त्यात काय एवढं?’ मी म्हटलं. ‘येऊ द्या म्हणायचं.’

भाच्यानं चहाचा कप खाली ठेवला. ‘मामा, तो शब्द आमच्यात चालत नाही.’

मग त्यानं मला सगळी संथा दिली. विमानाच्या नाकाखाली एक भोक असतं, त्यात हेडसेटची वायर खुपसून हा उभा राहतो. हा विचारणार, ब्रेक सोडलेत का? वरून कॅप्टन ‘हो’ म्हणणार नाही. ‘ब्रेक्स रिलीज्ड’ असं पूर्ण म्हणणार, आणि तोंड कुठल्या दिशेला करायचं तेही सांगणार. ढकलून झालं की हा म्हणणार, पार्किंग ब्रेक लावा. कॅप्टन म्हणणार, ‘पार्किंग ब्रेक सेट’. नुसतं ‘हं’, ‘बरं’, ‘ठीक आहे’ यांना तिथे किंमत नाही. आमच्या बँकेत ‘बघू’ या एका शब्दावर माणसं रिटायर झालेली आहेत.

एस.टी.च्या कंडक्टरला हे फार पूर्वीच कळलेलं आहे. एक घंटा थांब, दोन घंटा चल. तिसरा अर्थ नाही. गाडीत कितीही कल्लोळ असो, डबल बेल पडल्याशिवाय ड्रायव्हर गिअरला हात लावत नाही.

पण भाचा रंगात आला तो पिनेवर. पुढच्या चाकाजवळ एक बायपास पिन घालतात, तिला लांब लाल फीत असते. ती असेपर्यंत कॅप्टननं वरून सुकाणू फिरवलं तरी चाक वळत नाही. नाहीतर ट्रॅक्टर आणि विमान यांच्यामधला लोखंडी दांडा सपकन फिरेल आणि शेजारच्याच्या नडगीचं काय होईल ते सांगायला नको. ढकलणं संपलं की दांडा सोडवायचा, पिन काढायची, वायर काढायची आणि कॅप्टनला दिसेल अशा जागी बाजूला जाऊन ती लाल फितीची पिन हात उंच करून दाखवायची. कॅप्टननं वरून हात केला, की मगच विमान हलणार. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. त्या दोघांचं सहा वर्षं बोलणं नाही, तरी तिजोरी रोज उघडते. तिजोरी कुणाला ओढून घेत नाही म्हणून ते चालतं.

हे मी हसत बोलून गेलो. भाचा हसला नाही.

16 डिसेंबर 2015 च्या रात्री मुंबईलाच, हैदराबादला निघालेलं एक विमान मागे ढकलून झालं होतं. इंजिन चालू होतं. खालची माणसं बाजूला झाली की नाही याची खातरजमा व्हायच्या आत विमान पुढे सरकलं, आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. भाच्यानं एवढंच सांगितलं. ताई पोह्यांची बशी घेऊन आली, तसा त्यानं विषय बदलला आणि म्हणाला, ‘पावसात मजा असते मामा. विजा चमकत असल्या की वायर लावायची नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर.’

‘छत्री नेतोस ना?’ ताईनं विचारलं.

गेल्या दिवाळीत नागपूरला विमानानं जायचा योग आला. खिडकीची जागा होती. विमान मागे जाऊन थांबलं. खाली एक माणूस चालत बाजूला झाला, वळला आणि त्यानं हात वर केला. हातात लाल फीत. मी काचेतून हात केला.

‘ओळखीचे का?’ शेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

मी त्यांना बायपास पिन पहिल्यापासून समजावून सांगायला घेतली. दांड्यापर्यंत आलो, तोवर त्यांनी डोळ्यांवर पट्टी ओढली होती.